साडूंचा हौद

आमच्या साडूंइतका काहीही न करणारा माणूस पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि काहीही न करता सगळं ज्याच्या पदरात आपण होऊन पडतं असा तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. हे मी कौतुकाने लिहितो आहे असा कुणाचा समज झाला तर माझी हरकत नाही, पण मुळात ती पोटदुखी आहे आणि ती माझ्या लग्नाइतकी जुनी आहे. साडू हे नातंच माणसाला तुलनेसाठी मिळालेलं असतं. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले दोन पुरुष, केवळ दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं म्हणून जन्मभर शेजारशेजारच्या पाटांवर बसवले जातात आणि सगळं सासर समोर उभं राहून त्यांना तोलत असतं. एका अधिक महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना अनारशांचं वाण दिलं. साडूंच्या ताटातले अनारसे जाळीदार, अख्खे. माझ्या ताटातले तीन मोडके. सासूबाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. डबा एकच होता, वरचे त्यांच्या वाट्याला गेले, तळाचे माझ्या. पण दर वेळी असंच कसं होतं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. मी बसस्टॉपवर अर्धा तास उभा असतो. हे गृहस्थ मागून येतात, त्यांच्या पाठोपाठ बस येते आणि तिच्यात खिडकीची एकच जागा रिकामी असते. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणते, "भाऊजींना घाई नसते ना, म्हणून."

साडू एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेला कागद आवक वहीत लिहायचा, गेलेला जावक वहीत. मधल्या काळात कागदाचं काय करायचं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "काही नाही," ते म्हणाले. "कागद आपला आपण हलतो. आपण मध्ये पडलं की अडकतो." या तत्त्वावर त्यांनी पूर्ण नोकरी केली आणि निरोपसमारंभात त्यांच्यासाठी तीन माणसं रडली. मी एका कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होतो. समोर आलेल्या वस्तूत खोट शोधायची आणि सापडली की ती बाजूला काढायची, हे माझं काम. माझ्या निरोपाला कुणी रडलं नाही. मशिन शॉपमध्ये पेढे वाटले गेले, असं मागाहून कळलं.

त्यांचं घर कात्रजच्या अलीकडे, एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर दहा पावलांची जागा. सोसायटी बांधली तेव्हा विटा भिजवायला बिल्डरने तिथे एक हौद केला होता, कमरेइतका खोल आणि दोन माणसं आडवी झोपतील एवढा. तो बुजवून घ्या, फरशी घाला, झोपाळा टांगा, असं सगळ्यांनी सांगितलं. साडूंनी काही केलं नाही. पावसाळ्यात हौद भरला, तो भरलेलाच राहिला. कुणीतरी दिलेला कुमुदिनीचा कंद त्यांनी आत टाकला, तो लागला. मलेरियावाल्या माणसाने डबाभर गप्पी मासे सोडले, ते वाढले. कडेला फुटकी कौलं आणि दगड पडलेले होते, त्यांवर बदामाच्या झाडाचा पाला पडत राहिला आणि त्या ओल्या ढिगात भेक राहायला आले. भेक म्हणजे अंगावर फोड असलेला, पाण्यापेक्षा जमिनीवर रमणारा, कायम नाराज दिसणारा बेडूक. मग चतुर आले, त्यांच्याहून बारीक, सुईसारख्या टाचण्या आल्या, पाण्यावरून चालणाऱ्या निवळ्या आल्या, मासे पळवायला खंड्या आला. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात, पण इथे शितंसुद्धा यांनी घातलेली नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा लेखी तक्रार केली की हौदामुळे डास होतात. साडूंनी पत्र आवक म्हणून नोंदवून घेतलं आणि त्याच्याच पाठीवर उत्तर लिहून परत पाठवलं : "डास आपल्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत होतात. आमच्याकडे ते खाल्ले जातात." पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी टाकीला झाकण बसवलं.

दर रविवारी आम्ही दोघं कात्रजला जातो. बहिणी स्वयंपाकघरात शिरतात आणि दार लोटून घेतात. आत काय चालतं ते मला माहीत नाही, पण माझं नाव दोन-तीनदा ऐकू येतं. मग मला मागच्या दारी जावं लागतं. साडू स्टुलावर बसलेले असतात, मांडीवर वही असते. मला पाहून ते दुसऱ्या स्टुलाकडे बोट दाखवतात. "बसा. बोलू नका." बोलण्यासारखं आमच्यात काही नाही, ही गोष्ट त्यांनी अशी किती सोपी करून टाकली आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मी फक्त वहीत डोकावायचो. नोकरी सुटली तरी आवक-जावक सुटली नव्हती. डाव्या पानावर आवक : "धोबी एक. खंड्या एक. चतुर तांबडे दोन." उजव्या पानावर जावक : "गप्पी एक (खंड्याबरोबर)."

पावसाळ्यात कुणीही तळं सांभाळतो, असं त्यांचं मत. माणसाची परीक्षा थंडीत. दिवाळी झाली की ते माशांचं खाणं बंद करतात. "गारठ्यात त्यांना पचत नाही," असं त्यांनी मला एकदा समजावलं. "तुम्हाला तरी जेवणावर दुसऱ्यांदा श्रीखंड पचतं का?" कुमुदिनीची पानं काळी पडतात, कुजतात, तळाशी जातात. ती काढायची नाहीत. बदामाचा पाला तांबडा होऊन गळतो, भेकांच्या ढिगावर साठतो. तो हलवायचा नाही, कारण भेक त्याखाली निजलेले असतात. पाणी आटलं तर नळाचं पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवायचं आणि मग पाहुण्याच्या हातावर घालतात तसं कडेने हळू सोडायचं. एखादी खार पडली तर तिला चढून येता यावं म्हणून एक फळी तिरकी लावलेली. बस्स. बाकी माकडटोपी, बाह्यांना कोपरावर ठिगळं लावलेला स्वेटर, कपबशी, आणि सात ते नऊ बसून राहणं. याला ते "हौदाचं सगळं बघणं" म्हणतात आणि माझी बायको ते खरं मानते.

मला खरा चटका बसायचा तो धोब्यामुळे. हा चिमणीहून लांबट, करड्या पाठीचा आणि पिवळ्या पोटाचा पक्षी. चालताना शेपटी सारखी वरखाली आपटतो, म्हणून धोबी. थंडीत हिमालयाकडून इकडे येतो आणि होळीच्या सुमाराला परत जातो. दर वर्षी एक धोबी साडूंच्या हौदावर उतरायचा, काठावरून तुरुतुरु चालत किडे टिपायचा आणि साडू टोपी किंचित वर करून म्हणायचे, "आले साहेब." आता हिमालयातून कात्रजला यायचं म्हणजे वाटेत बिबवेवाडी लागते. बिबवेवाडीत आमची बिल्डिंग आहे, चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे, तिला पूर्वेचं ऊन आहे. पक्ष्याला वरून हे दिसत असणार. दिसूनही तो पुढे साडूंकडे जातो, याचा अर्थ मी काय लावायचा? मला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, तो माझ्याकडे उतरावा आणि मी ते रविवारी कात्रजला सहज बोलता बोलता सांगावं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी गच्चीत टब ठेवला. चांगला मोठा, निळा. नर्सरीतून कुमुदिनी आणली, पांढरे गोटे आणले आणि बुधवार पेठेत जाऊन एक छोटा पंप आणि पाण्याखाली रंग बदलणारा दिवा घेतला. दर शनिवारी पाणी उपसायचं, गोटे घासायचे, पानं पुसायची, ताजं पाणी भरायचं. तळ लख्ख दिसायचा. धोबी नाही, खंड्या नाही, साधा चतुरसुद्धा नाही. एक कबुतर आलं, पाणी प्यायलं आणि जाताना टबाच्या काठावर आपलं मत नोंदवून गेलं. "कबुतरही पक्षीच आहे," बायको म्हणाली. मुलगा हिंजवडीहून शनिवार-रविवार येतो. त्याने एकदाच वाकून पाहिलं. "बाबा, हा पॉन्ड नाहीये, स्विमिंग पूल आहे. लाइफ कशी येणार इथे?" त्याला काय कळतंय, म्हणून मी आणखी जोरात घासायला लागलो.

यंदा डिसेंबर लागताच साडूंच्या मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं दीड महिना बंगळूरला जायची होती. जायच्या आधीच्या रविवारी साडूंनी मागच्या दाराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "शेजारी कुणाला का नाही सांगत? मी एवढ्या लांबून यायचं."

"शेजारी काहीतरी करतील," ते म्हणाले.

मागच्या दारावर त्यांनी सूचना लावली होती, टपोऱ्या कारकुनी अक्षरात. "१. माशांना खायला घालू नये. २. पाणी कमी झाल्यास शिळे पाणी घालावे. ३. पाला काढू नये. ४. बाकी काहीही करू नये. ५. नोंद ठेवावी." माणसाला घर सोपवताना असं लिहितात का, म्हणून मला थोडा राग आला. पण वही माझ्या हातात होती आणि तिची पुढची पानं कोरी होती, याचाही एक आनंद होताच.

पहिला आठवडा मी काहीही केलं नाही. रोज सकाळी बसने कात्रज, स्टूल, थर्मासमधला चहा. धोबी आला. मी टोपी वर करून "आले साहेब" म्हणून पाहिलं. पक्ष्याने ढुंकून पाहिलं नाही. मी वहीत "धोबी एक" असं लिहिलं आणि लिहिताना लक्षात आलं की हा धोबी माझा नाही. मी दुसऱ्याच्या पानावर दुसऱ्याचा पक्षी लिहितो आहे. बत्तीस वर्षं मी कधी दुसऱ्याच्या शिफ्टचा माल माझ्या नावावर घेतला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पक्ष्यावरून नजर काढून मी हौदाकडे पाहायला लागलो, आणि तिथेच घोटाळा झाला. पाणी चहाच्या रंगाचं. तळाशी कुजकी पानं. भिंतींवर बोटभर शेवाळ. कोपऱ्यात तो पाल्याचा ढीग, वास येणारा. माझ्या टेबलावर असला जॉब आला असता तर मी एका सेकंदात लाल खडूने फुली मारली असती. आणि अशा या हौदावर हिमालयातून पक्षी येतात, मग तो स्वच्छ केला तर काय काय येईल? साडू परत आले की त्यांना काचेसारखं पाणी दिसेल. बायको म्हणेल, भाऊजींना इतक्या वर्षांत जमलं नाही ते यांनी दीड महिन्यात केलं. मला तो हौद चांगला व्हायला हवा होता की माझा व्हायला हवा होता, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आवडलं नसतं.

शनिवारी मी ब्रश, दोन बादल्या आणि जुनी विजार घेऊन गेलो. गप्पी चाळणीने धरून एका बादलीत काढले. पाणी उपसलं. शेवाळ खरवडलं. तळाचा गाळ काढून बागेच्या कडेला टाकला. ढीग उचलला तेव्हा खाली तीन भेक होते, अंग चोरून, डोळे मिटून. त्यातल्या एकाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग तिघंही सावकाश, एकही उडी न मारता, भिंतीच्या फटीतून पलीकडे निघून गेले. पाला सकाळच्या घंटागाडीत गेला. मग नळी लावून हौद काठोकाठ भरला आणि गप्पी परत सोडले. दुपारी बायको येऊन पाहून गेली. "छान दिसतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण ताईकडचं वाटत नाही." तेव्हा मला ती शाबासकी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर गप्पी पोट वर करून तरंगत होते. सगळे नव्हते, पण पुष्कळ होते. नळाचं ताजं पाणी, त्यातलं औषध आणि त्यात थंडी. दारावरची दुसरी सूचना मी रोज वाचत होतो. धोबी आला, काठावरून एक फेरी मारली, थांबला, पुन्हा एक फेरी मारली. टिपायला काही नव्हतं. शेपटी आपटत थोडा वेळ उभा राहिला आणि उडाला. त्यानंतर तो आला नाही. खंड्याही आला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? मी रोज जात राहिलो. रस्त्यावरचा पाला पिशवीत भरून आणला, कोपऱ्यात ढीग केला. भेकांनी तो मान्य केला नाही. वही मांडीवर घेऊन बसलो की डावं पान कोरं राहायचं आणि उजव्या पानावर एकेक ओळ वाढायची. जावक : गप्पी अकरा. जावक : भेक तीन. जावक : धोबी. कुणी पाहत नव्हतं. डाव्या पानावर रोज एक धोबी लिहिला असता तर साडूंना काही कळलं नसतं. पण खोटी नोंद माझ्या हातून होईना. माझा एवढा एकच गुण त्या महिन्यात शाबूत राहिला.

संक्रांतीनंतर ती दोघं परत आली. नात झाली होती, घरात पेढे होते. मी पेढा हातात घेऊनच मागच्या दारी गेलो, कारण तोंडात घालवेना. साडूंनी हौद पाहिला. मग वही उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानेच वाचली. वाचायला बराच वेळ लागला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले.

"अहो, मी सगळं घालवलं तुमचं."

"दिसतंय."

"काहीतरी बोला तरी."

"काय बोलू? कलम चार वाचलं नव्हतंत का?"

"वाचलं होतं."

"मग झालं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चेहरा बदलला नाही. फक्त आत जाताना त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. ते स्टूल आत गेलेलं मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत बायकोने फोनवरून बहिणीकडून काढलेली बातमी दिली. भाऊजी आता सकाळी पुढच्या खोलीत पेपर वाचतात. मागचं दार बंद असतं. नातीचे फोटो मात्र आल्यागेल्याला दाखवतात. बायकोने मला दोष दिला नाही. तिने दोष दिला असता तर मला वाद तरी घालता आला असता. एवढी वर्षं मी त्या स्टुलावर जळत आलो होतो आणि आता ते रिकामं पडलं तर मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी साडूंचाच फोन आला.

"तुमच्या त्या टबात काय आहे सध्या?"

दीड महिना मी कात्रजला पडीक होतो. टबाकडे कोण बघतंय? पंप कधीच बंद पडला होता. "घाण आहे," मी म्हटलं.

"किती?"

"बघवत नाही एवढी."

"येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते आले तेव्हा हातात झाकणाची बादली होती. मी दारातच विचारलं, हे कशाला? "विरजण हवं होतं," ते म्हणाले. "घरातलं संपलं की शेजारून आणतो ना आपण? दूध कितीही चांगलं असलं तरी आपलं आपण लागत नाही. पाण्याचं तसंच." चप्पल काढून ते सरळ गच्चीत गेले आणि टबाशी उकिडवे बसले. मी मागे उभा, शरमेने अर्धा झालेला. पाणी हिरवं, गोटे काळे, वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतला पाला पडून कुजलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, साडू उठेनात. गुडघे धरून तसेच बसलेले. शेवटी मीही शेजारी बसलो.

"हे बघितलंत का तुम्ही?"

मी बघितलं नव्हतं. पाण्यावर चार निवळ्या चालत होत्या. गोट्याच्या कडेला मातकट रंगाच्या, सहा पायांच्या अळ्या दबा धरून होत्या. चतुराची पिल्लं, साडू म्हणाले, डासांच्या अळ्या खातात. कुमुदिनीच्या देठाला मोहरीएवढ्या गोगलगायी. पानाखाली अंड्यांचा एक चिकट पुंजका. मी दोन वर्षं घासून घासून जे येऊ दिलं नव्हतं ते मी पाठ फिरवताच सगळं येऊन बसलं होतं. साडूंनी बोटाने एक पान अलगद सारलं, खाली बघितलं, पुन्हा जागेवर ठेवलं.

"पूर्वेचं ऊन आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "माझ्याकडे दुपारी दोनशिवाय येत नाही."

हे ज्या आवाजात ते म्हणाले तो आवाज मी जन्मभर आतल्या आत वापरत आलो आहे. दुसऱ्याच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकला. माझ्या साडूंना माझा हेवा वाटत होता. या क्षणासाठी मी किती रविवार काढले असतील. तो आला तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही. माकडटोपीत बसलेला, वाळलेल्या मनगटांचा हा म्हातारा माणूस दुसऱ्याच्या टबात असा बघतो आहे, हे मला बघवेना. "सगळंच न्या," मी म्हटलं. "टब उचलून नेऊ."

"विरजण कुणी पातेलंभर नेतं का?" ते म्हणाले. एक तांब्या गाळ, दोन तांबे पाणी, चार अळ्या आणि देठाचा एक तुकडा, एवढंच त्यांनी बादलीत घेतलं. रिक्षात बादली दोघांच्या पायांमध्ये धरून आम्ही कात्रजला गेलो. प्रत्येक गतिरोधकापाशी साडू रिक्षावाल्याला म्हणायचे, "सावकाश घ्या." पाणी हौदात सोडताना त्यांनी मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता थंडी सरत आली आहे. हौदाचं पाणी पुन्हा किंचित रंग धरू लागलं आहे, भिंतीला पोपटी बारीक लव आली आहे आणि स्टूल बाहेर आलं आहे. भेक अजून परतलेले नाहीत. मी टब घासत नाही, हातसुद्धा लावत नाही. रोज सकाळी सव्वासातला साडूंचा फोन येतो. आधी ते आपल्याकडची नोंद सांगतात, ती एका श्वासात संपते. मग विचारतात, "तुमची आवक?" मी सांगतो आणि ते पलीकडे लिहून घेतात. माझ्या टबाला त्यांनी वहीत वेगळं पान दिलं आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी मी दात घासत गच्चीच्या दाराशी आलो आणि तिथेच थांबलो. टबाच्या काठावर धोबी होता. करडी पाठ, पिवळं पोट, शेपटी वरखाली. तोच होता की दुसरा, ते त्यालाच माहीत. काठावरून चालत जाऊन त्याने पानावरचं काहीतरी टिपलं, वळला, पुन्हा टिपलं. ऊन नुकतंच आलं होतं. इतक्यात फोन वाजला. मी तोंड पुसून आत वळलो आणि दाराच्या काचेतून त्याच्याकडे बघत फोन घेतला.

"इकडे निवळी एक," साडू म्हणाले. "धोबी काही परत आला नाही. गेला असेल कुठेतरी. तुमच्याकडे?"

खरं सांगितलं असतं तर त्यांना आनंद झाला असता, अशी बायकोची खात्री आहे. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, तिचं बरोबरही असेल. पण अशी बातमी ऐकल्यावर माणसाच्या पोटात नेमकं कुठे दुखतं, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "टाचण्या दोन."

"टाचण्या चांगल्या," ते म्हणाले. लिहून घेतल्याचा आवाज आला.

फोन ठेवून मी दाराशी गेलो. धोबी आणखी थोडा वेळ होता. पुढच्या थंडीत त्याने आमच्या बिल्डिंगवरून न थांबता सरळ कात्रजला जावं, असं मला मनापासून वाटलं. आणि त्याच वेळी, तो अजून पाच मिनिटं बसला तर बरं, असंही वाटलं.